चौथा हात

पताकांखालून गेल्यावर रेवाने हात आखडता घेतला, आणि तिथेच ती चौथी आली. बॅकस्ट्रोकसाठी भिंतीच्या पाच मीटर अलीकडे पाण्यावर आडवी दोरी बांधून तिला रंगीत पताका लावलेल्या असतात, आपल्याकडे जत्रेत लावतात तशाच. उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, पताका दिसतात. त्या डोक्यावरून गेल्या की हात मोजायला लागायचं, ठरलेल्या हाताला भिंत येते. रेवाचे चार हात ठरलेले आहेत. गेल्या हिवाळ्यात सरावाच्या वेळी दोनदा मोजणी चुकून तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. टेंगूळ आठवड्याभरात उतरलं, पण आतल्या बाजूने ते अजून असावं. दोन आठवड्यांपूर्वीच्या स्पर्धेत शेवटच्या पाच मीटरला ती तिसरी होती. दोन हात नीट मारले आणि मग नुसतीच तरंगत, हात लांब करून भिंत चाचपडत आली. शेजारच्या लेनमधली मुलगी धाडकन भिंतीवर हात आपटून मोकळी झाली. वर बाकावर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "अरेरे, थोडक्यात गेलं!" शेजारच्या बाईंना मराठी येत नाही, पण सूर कळला असावा. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या.

डोक्यावर टॉवेल घेऊन रेवा वर आली तेव्हाही मी तेच म्हणालो. "थोडक्यात गेलं गं." ती बारा वर्षांची आहे, सहाव्या वर्षी इथे, आइसलँडला आली. तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं आहे, त्यामुळे शब्द जसा कानावर पडेल तसा ती उचलून उलटासुलटा करून बघते. केस खसाखसा पुसत तिने विचारलं, "कुठे गेलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. आईचा पहिला प्रश्न जेवलात का, आणि दुसरा कितवी आली. "चौथी," रेवा म्हणाली. "म्हणजे पहिल्या तिनात नाही," आई म्हणाली आणि लगेच सावरून घेतलं, "असू दे बाळा, पुढच्या वेळी येईल हो नंबर." चौथा हा नंबर नसतोच. आमच्या घरात तो कधीच नव्हता. मी लहान असताना पी. टी. उषाचं नाव निघालं की वडील अंगठा आणि पहिलं बोट जवळजवळ चिकटवून मधली फट डोळ्यांसमोर धरायचे. "एवढ्याने. सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्याने गेलं." लॉस एंजेलिस, १९८४. मी तेव्हा सहा वर्षांचा, घरात टीव्ही नाही, ती शर्यत मी पाहिलेलीच नाही. पण वडिलांच्या बोटांमधली ती फट मला स्वच्छ आठवते. त्यातून पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसायचा. थोडक्यात गेलेल्या गोष्टींचा आमच्याकडे भरपूर साठा होता. काकांची थोडक्यात गेलेली जमीन, वडिलांची थोडक्यात हुकलेली बढती, पुढे माझं दोन मार्कांनी गेलेलं मेडिकल. जेवणं झाली की अडकित्त्याबरोबर हे विषय निघायचे, आणि सगळे मिळून एकेक फट डोळ्यांसमोर धरायचे.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही राहतो ते हाप्नारफ्योर्दुर, राजधानी रेक्याविकला लागून असलेलं बंदराचं गाव. नकाशावर त्या नावात 'फ' दिसतो, बोलताना 'प' होतो. घराघरांच्या मधून लाव्हाचे काळे, शेवाळलेले खडक वर आलेले आहेत आणि रस्तेही त्यांना वळसा घालून जातात. इथे रविवारी सकाळी माणसं तलावावर येतात, आपल्याकडे पारावर येतात तशी. उघड्यावरचा तलाव, बाहेर उणे तीन, पाण्यावर वाफेची गोधडी. पाण्यात उतरण्याआधी अंगावरचा शेवटचा कपडाही काढून साबणाने अंघोळ करायची सक्ती आहे. पहिल्या वर्षी या एका गोष्टीपायी मी पोहायला यायचं टाळत होतो. आता काही वाटत नाही. उलट, शॉवरच्या गरम पाण्याला येणारा गंधकाचा तो किंचित कुजका वास आला नाही तर अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. तलावाच्या कडेला गोल कुंडं आहेत, प्रत्येकावर तापमानाची पाटी: ३८, ४०, ४२. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं आणि वर ओल्या केसांचे थंडीने तारांसारखे कडक झालेले झुबके चाचपायचे.

चाळीसच्या कुंडात रोजचे एक आजोबा असतात. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, राष्ट्राध्यक्षांनासुद्धा. टेलिफोनची छापील यादी निघायची तेव्हा तीही पहिल्या नावावरून लावलेली असायची. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो आणि तोंडाने काहीच म्हणत नाही. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर इंजिन सांभाळलेला माणूस, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच उरलेली. त्यांनी विचारलं, काल मुलीची स्पर्धा होती ना? म्हटलं, हो, शंभर मीटर बॅकस्ट्रोक, चौथी आली. आणि सवयीने चेहरा पाडला. "चौथी?" आजोबा म्हणाले. "सिडनीला ओर्नही चौथाच होता." मग गालातल्या गालात हसले, मान कुंडाच्या कडेवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. विषय संपला. मी त्यांना एक चांगली बातमी दिली होती, असाच तो चेहरा होता.

दोन आठवडे झाले, मी त्या चेहऱ्याशी झटापट करतोय.

ओर्न म्हणजे ओर्न आर्नारसन. लिहायला असं लिहायचं, पण इथल्या तोंडात 'र' आणि 'न' यांच्या मधे एक 'त' घुसतो आणि शेवटचा 'न' जवळजवळ श्वासातच विरून जातो. मला ते नाव अजून नीट घेता येत नाही, रेवा हसते. ओर्न म्हणजे गरुड. आर्नारसन म्हणजे ओर्नचा मुलगा. म्हणजे गरुडाचा मुलगा गरुड. आडनाव ही भानगड इथे बहुतेकांना नसतेच, आपलं मधलं नाव यांच्याकडे शेवटी येतं आणि तिथेच गाडी थांबते. जन्म १९८१ चा, क्लब आमच्याच गावचा. १९९८ साली, सतराव्या वर्षी, शेफील्डला पंचवीस मीटरच्या तलावातल्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत त्याने दोनशे मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण घेतलं. पुढल्या वर्षी लिस्बनला पुन्हा तेच. २००० च्या डिसेंबरात वॅलेन्सियाला शंभर आणि दोनशे, दोन्हींचं. तेव्हा या अख्ख्या देशाची लोकसंख्या २ लाख ८० हजारांच्या आसपास होती. आमचं सांगली-मिरज याहून मोठं.

पंचवीस मीटरचे तलाव इथे गावोगावी आहेत. पन्नास मीटरचा, डोक्यावर छप्पर असलेला तलाव रेक्याविकच्या लौगार्दालुरला झाला तो २००५ साली. त्याच्या शेजारचा जुना पन्नास मीटरचा तलाव १९६८ चा, उघड्यावरचा. मी तिथे हिवाळ्यात उताणा पोहून पाहिलंय. वाफेतून बर्फाचे कण सरळ डोळ्यांत येतात. गॉगल लावला तर काचेवर बसतात आणि वरचं आकाश ठिपक्याठिपक्यांचं होऊन जातं. पापण्यांवर बर्फ, पाठीला ऊब, कानात पाणी, आणि पुढे काय आहे याचा पत्ता नाही. दोन फेऱ्यांत माझा जीव नको झाला. ऑलिंपिकच्या लांबीचं पोहायचं तर या गावच्या पोरांना तेव्हा असंच कुठेतरी आभाळाखाली पडावं लागत असणार.

उताणं पोहण्याची शर्यत असते हेच मुळात मला फार उशिरा कळलं. मी शिकलो मळ्यातल्या विहिरीत. पाठीला सुका भोपळा, कमरेला चऱ्हाट, चऱ्हाटाचं दुसरं टोक अण्णाकाकांच्या हातात आणि काका वर कठड्यावर बिडी ओढत बसलेले. ढकलून द्यायचे. गटांगळ्या, नाकातोंडात पाणी, शेवाळाची हिरवी चव, वर आलो की काकांचं हसणं विहिरीत घुमत असायचं. महिन्याभरात भोपळा सुटला. मग मुटके, सूर, तळाची माती वर आणून दाखवणं. या सगळ्यात उताणं होणं हे दमल्यावर करायचं काम होतं. "दम लागला तर उताणा पड आन् गप ऱ्हा," एवढाच काकांचा धडा. माझे आजोबा तर कृष्णेच्या डोहात पाण्यावर मांडी घालून पडून राहायचे. नाक, पोट आणि गुडघे एवढेच पाण्याबाहेर, हात डोक्याखाली, जणू घरच्या ओसरीवर वामकुक्षी चाललीय. कोणी सांगितलं असतं की याच अवस्थेत दोनशे मीटर जीव तोडून जायचं असतं आणि त्याला पदक मिळतं, तर घाटावरची माणसं हसून पाण्यात पडली असती.

तर सिडनी ऑलिंपिक. २१ सप्टेंबर २०००, तिथे संध्याकाळ, इथे सकाळ. माणसं कामाला, पोरं शाळेला निघायची वेळ. दोनशे मीटर बॅकस्ट्रोकची अंतिम फेरी. आठ जणांत एकोणीस वर्षांचा ओर्न. लेनी क्रेझेलबर्ग, ओडेसातून लहानपणी अमेरिकेला गेलेला, शंभर मीटरचं सुवर्ण आधीच खिशात घातलेला. आरन पियरसॉल, सतरा वर्षांचा, पुढची आठ-दहा वर्षं ज्याच्या नावावर जाणार होती. मॅट वेल्श, घरचा, ज्याच्यासाठी अख्खं स्टेडियम ओरडत होतं. त्याच क्रमाने ते आले. चौथा ओर्न.

त्या निकालाच्या यादीकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो, आणि अचानक एक फार साधी गोष्ट लक्षात आली. बाकी कुठल्याही शर्यतीत धावणारा किंवा पोहणारा पुढे बघतो, पुढच्याची पाठ त्याला दिसते, किती राहिलं ते दिसतं. उताणं पोहणाऱ्याचे पाय ज्या बाजूला, त्याच बाजूला त्याची नजर. डोकं हलवलं तर वेग जातो, म्हणून बहुतेक वेळ छतच दिसतं. पण डोळ्यांच्या कोपऱ्यात कोणी दिसलंच तर मागे पडलेलाच दिसतो. पुढचे तिघे त्याच्या टाळूच्या पलीकडे. वळताना पालथं होऊन कोलांटी घेता येते, पण शेवटाला पाठीवर राहूनच भिंतीला हात लावावा लागतो. मान वळवून बघायची सोय नाही. म्हणजे त्या दोन मिनिटांत ओर्नला दिसले असतील तर ते मागचे चौघे. 'थोडक्यात गेलं' हे दृश्य त्याला दिसण्यासारखं नव्हतं. ते आम्हाला दिसतं, वर बाकावर बसलेल्यांना.

हे लिहिताना फार शहाणं वाटतंय, पण हात लावून वर पाहिल्यावर फलकावरचा चारचा आकडा त्यालाही दिसलाच असणार. आणि तो पाहून एकोणीस वर्षांच्या पोराला बरं वाटलं असेल असं मला अजिबात वाटत नाही.

चार दिवसांनी, सोमवारी, त्याच सिडनीत बायकांच्या पोल व्हॉल्टची अंतिम फेरी झाली. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच. बाजूच्या ट्रॅकवर कॅथी फ्रीमन चारशे मीटर धावत होती आणि लाखाहून जास्त लोकांचे डोळे तिच्याकडे, आणि इकडे वाला फ्लोसादोत्तिर नावाच्या आइसलँडच्या मुलीने ब्राँझ मिळवलं. या देशाच्या बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधीची उभ्या इतिहासातली पदकं दोन: १९५६ ला तिहेरी उडीतलं विल्ह्याल्मुर एइनार्सनचं रौप्य आणि १९८४ ला ज्युदोतलं ब्यार्नी फ्रिद्रिक्सनचं ब्राँझ. इथे क्रीडापत्रकार दर वर्षी एका खेळाडूची निवड करतात, वर्षाचा खेळाडू म्हणून. १९९८ ला ओर्न. १९९९ ला ओर्न. २००१ ला पुन्हा ओर्न. मधलं २००० वालाचं. त्या यादीत ते एक वर्ष दोन ओर्नांच्या मधल्या फटीसारखं दिसतं, आणि वडिलांची बोटं मला आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिने उडी मारून मिळवलेली गोष्ट होती, तिचं काही कमी करायचं नाही. पण तिसरा आणि चौथा यांच्यात फरक नसतो असं मला कुणी सांगू नये. इथेही असतो.

कारण ही मंडळी काही साधुसंत नव्हेत. हँडबॉलची मॅच हरल्यावर याच आजोबांना मी कुंडातल्या पाण्यावर मूठ आपटताना पाहिलंय, पाणी माझ्या नाकात गेलं होतं. २००८ ला बीजिंगहून हँडबॉलचा संघ रौप्य घेऊन आला तेव्हा रेक्याविकचे रस्ते भरून गेले होते. त्या बीजिंगलाही ओर्न होता. तिसरं ऑलिंपिक, वय सव्वीस. मधे अथेन्सही झालं होतं. सिडनीसारखी अंतिम फेरी पुन्हा वाट्याला आली नाही. पण सिडनीनंतर दहा महिन्यांनी, २००१ च्या जुलैत, जपानात फुकुओकाला जागतिक स्पर्धेत त्याने शंभर मीटरमध्ये रौप्य आणि दोनशेमध्ये ब्राँझ घेतलं होतं. शंभरला पुढे फक्त वेल्श. दोनशेला पुढे पियरसॉल आणि ऑस्ट्रियाचा मार्कुस रोगान. म्हणजे ज्या शर्यतीत चौथा, त्यातच वर्षाच्या आत तिसरा. सांगण्यासारखं हे होतं. आजोबांनी सांगितलं ते सिडनीचं. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण डोळे मिटलेल्या माणसाला काय विचारणार.

विचारलं ते वेगळंच, पुढच्या रविवारी. की तुम्ही कुठे शिकलात पोहायला? ते म्हणाले, शाळेत, दुसरं कुठे. १९४० पासून इथे शाळेत पोहणं शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि त्याचं कारण कुठल्याही स्पर्धेत नाही, समुद्रात आहे. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेला देश, आणि कोळ्यांना पोहता येत नव्हतं. होड्या किनारा दिसत असताना उलटायच्या, घरची माणसं वाळूत उभी राहून बघत असायची. मला हे ऐकताना 'थोडक्यात' हा शब्द पहिल्यांदा जड वाटला. जमिनीतून उकळतं पाणी फुकट वर येत होतंच. लौगार्दालुरला पूर्वी रेक्याविकच्या बायका त्या झऱ्यांवर धुणं घेऊन जायच्या, तीन किलोमीटर, पाठीवर ओझं घेऊन, हिवाळ्यातसुद्धा. १९३० साली तेच पाणी नळाने शहरातल्या एका शाळेत उबेसाठी आणलं, १९३७ ला शहरात छपराखालचा पहिला मोठा तलाव झाला, आणि मग पोरांना पाण्यात उतरवायला निमित्त उरलं नाही.

रेवाच्या शाळेतही हेच चालू आहे. शर्यतीचा बॅकस्ट्रोक शिकवतातच, पण त्याच्याआधी एक वेगळा प्रकार शिकवतात, त्याचं नावच 'शाळेचा बॅकस्ट्रोक'. उताणं पडायचं, बेडकासारखे पाय मारायचे, दोन्ही हात एकदम बाजूने ओढायचे, तोंड पाण्याबाहेर, घाई नाही. शर्यतीत त्याचा काडीचा उपयोग नाही. दमलेल्या माणसाने पाण्यावर टिकून राहायचं आणि जमेल तसं सरकत राहायचं, एवढ्यासाठी तो. रेवाने पहिल्यांदा करून दाखवला तेव्हा मी तलावाच्या कडेला उभा राहून हसायलाच लागलो. हे तर आमचे आजोबा करायचे. मांडी तेवढी नाही.

बोटींच्या गोष्टी निघाल्या की गुद्लौगुरचं नाव निघतंच. मार्च १९८४, वेस्टमन बेटांजवळ रात्री बोट उलटली, बाकीचे सगळे गेले, हा एकटा पाच-सहा अंशांच्या पाण्यात पाच-सहा तास पोहत किनाऱ्याला लागला आणि मग अनवाणी लाव्हा तुडवत घरांपर्यंत गेला. डॉक्टरांनीही तोंडात बोटं घातली. दर मार्चला त्याची आठवण म्हणून माणसं तलावात सहा किलोमीटर पोहतात. पंचवीस मीटरच्या तलावात दोनशे चाळीस फेऱ्या. कुंडातले आजोबा साठी उलटल्यावर एकदा पोहले होते. मी विचारलं, किती वेळ लागला? ते म्हणाले, "इतका, की घरी गेलो तर बायको जेवून झोपली होती." कितवे आलात हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. गिळून टाकलं.

आमच्या गावच्या क्लबचीच दुसरी एक, ह्राप्नहिल्दुर लुथर्सदोत्तिर. तिच्या नावात डोमकावळा आहे, गरुडानंतर डोमकावळा. २०१६ च्या मे महिन्यात लंडनला युरोपियन स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तिने तीन पदकं मिळवली. जूनमध्ये फुटबॉलच्या संघाने इंग्लंडला हरवलं आणि सगळा देश दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागला. ऑगस्टमध्ये रिओत शंभर मीटरच्या अंतिम फेरीत ती होती. आइसलँडची बाई पोहण्याच्या ऑलिंपिक फायनलला पहिल्यांदाच. ती शर्यत जगाने पाहिली, पण अमेरिकेच्या लिली किंगने रशियाच्या एफिमोवाकडे बघून बोट नाचवलं होतं त्यासाठी. बातम्यांत सगळीकडे ते बोट. ह्राप्नहिल्दुर सहावी आली. चारच दिवसांनी एइग्लो गुस्ताव्सदोत्तिर दोनशे मीटर बॅकस्ट्रोकच्या फायनलला होती, ओर्नच्याच शर्यतीला. ती आठवी. मी तेव्हा पुण्यात होतो, आणि बोट नाचवणारी तेवढी मला आठवते.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी रेवाला म्हटलं, मला शिकव. ती आधी विश्वासच ठेवेना. मी विहिरीतला पोहणारा, मला कोणी शिकवलेलं चालत नाही हे तिला माहीत आहे. गावच्या मोठ्या तलावात गेलो, छपराखालच्या. कडेच्या लेनमध्ये तिने मला उताणं पाडलं. "बाबा, हनुवटी वर. पोट वर. पाय बुडतायत तुझे." मग पताकांपासून भिंतीपर्यंत स्वतः दोनदा जाऊन दाखवलं, हात मोजत. दोन्ही वेळा तिने हात आखडता घेतला नाही हे मी पाहिलं, आणि काही बोललो नाही. "तुझे पण चारच होतील," ती म्हणाली. "पताका गेल्या की मोज. बघायचं नाही. बघितलंस तर हात बिघडतो."

निघालो. कान पाण्याखाली गेल्याबरोबर सगळा गलका कुठेतरी लांब, बंद दाराआड गेला. स्वतःचा श्वास तेवढा, जुन्या पंपासारखा. वर छताच्या तुळया एकामागून एक पायांकडे सरकत होत्या. दोन दिव्यांपैकी एक फडफडत होता. शेजारच्या लेनमधून कोणीतरी गेलं, पुढे गेलं की मागे राहिलं कळलं नाही. टाळूच्या पलीकडे काय आहे याची आठवण येऊन मानेत गोळा आला. एकोणीस वर्षांचं पोर इथे छातीतलं सगळं काढून हात मारत होतं, आणि मला साधी मान सैल सोडता येत नव्हती. आजोबा कृष्णेत डोक्याखाली हात घेऊन पडायचे, पण त्यांच्या मागे भिंत नव्हती. तेवढ्यात लाल, पिवळ्या, निळ्या पताका आल्या आणि कपाळावरून मागे गेल्या. एक. पाणी नाकात. दोन. पाय बुडतायत. तीन.

चौथा हात वर गेला होता, मागे पोचायचा होता, आणि भिंत आली. हाताला नाही, टाळूला. डोळ्यांपुढे काजवे. पालथा होऊन दोरी धरली, खोकलो, नाकातलं पाणी काढलं. रेवा लेनच्या दोरीवर आडवी पडून इतकी हसत होती की तिच्याही तोंडात पाणी गेलं. मग तिने अंगठा आणि बोट जवळ आणून, एक डोळा मिटून, त्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. माझ्या वडिलांचं हे तिला कोणी दाखवलंय ते मला माहीत नाही. बहुधा मीच.

"थोडक्यात गेलं, बाबा," ती म्हणाली.